खाडीवरचा रॅकून

दामूकाका,

तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले आणि तुमच्याशी भांडायला मला आज सवड मिळाली. बाराव्याला दांडीला तुमच्या घरी आले होते. ओटीवर बायकांची दाटी होती. काकींच्या शेजारी बसून मी अर्धा कप चहा घेतला, तुमच्या फोटोला घाईघाईने हात जोडले आणि पळ काढला. पळच म्हणायचा तो. फोटोत तुम्ही हसताय, पण मला त्या तोंडातून एकच प्रश्न ऐकू येत होता, "बाय, तुकडा उतरवला का?"

तेव्हा उतरवलेला नव्हता.

खाडीवरून तेहतीस केव्हीची विजेची जी लाइन जाते, तिच्या तीन तारांपैकी एका तारेत, बरोबर पाण्याच्या डोक्यावर, सहा वर्षं चुकीच्या जातीच्या तारेचा तुकडा लोंबत होता. खालून सगळ्या गावाच्या होड्या जातात. तो तुकडा कुणी घालायला लावला, हे धडपणे दोनच माणसांना माहीत होतं, तुम्हाला आणि मला. हाताखालची माणसं ठेकेदाराची होती, ती कधीच पांगली. मग तुम्हीही गेलात. तुम्हाला हे सगळं पाठ आहे, तरी पहिल्यापासून सांगते, कारण सहा वर्षांत आपण दोघं यावर फक्त वाकड्यात बोललो, पहिल्यापासून कधीच बोललो नाही.

मी बोईसरला इंजिनीअर म्हणून रुजू झाले तेव्हा मला पुस्तकातलं सगळं येत होतं आणि हातातलं काही येत नव्हतं. माणच्या दुष्काळी गावातली मुलगी, समुद्र बघून घाबरणारी, सुकटीच्या वासाने नाक मुरडणारी. तुम्ही माझ्या वडिलांच्या वयाचे लाइनमन. चारचौघांत मला "मॅडम" म्हणायचात आणि शेडमध्ये दोघंच असलो की "बाय". शेडच्या भिंतीवर तुम्ही एक फळी ठोकली होती. तिच्यावर प्रत्येक जातीच्या तारेचा वीतभर तुकडा बांधलेला. या तारांना जनावरांची नावं कुणी दिली देव जाणे. करंगळीहून बारीक विझल, मग रॅबिट, रॅकून, डॉग, आणि शेवटी मोठ्या टॉवरांवरचा अंगठ्याएवढा पँथर. तुम्ही माझे डोळे मिटवून तुकडा हातात द्यायचात आणि म्हणायचात, "तोंड बगू नको, कापल्याली बाजू चाचप." कापलेल्या टोकावरून बोट फिरवलं की आतलं कळतं. डॉगच्या पोटात पोलादाच्या सात बारीक तारा, भोवती ॲल्युमिनियमच्या सहा जाड. रॅकूनच्या पोटात पोलादाची एकच. महिनाभर मी चुकत होते. चुकले की तुम्ही ती गोष्ट सगळ्या सबस्टेशनला सांगत फिरायचात. एकदा तुम्ही विचारलंत, रॅकून म्हणजे कसलं जनावर? मी मोबाइलवर फोटो शोधून दाखवला. तुम्ही चष्मा वर करून बघितलात आणि म्हणालात, "हा त चोर दिसतो. डोल्याला काली पट्टी बांदलीय." आपण दोघं इतके हसलो की ऑपरेटर बघायला आला. तेव्हा मला वाटलं, या खाऱ्या गावात माझं कुणीतरी झालं.

आणि वर्षही नसेल झालं, तर वादळ आलं.

तीन दिवस किनाऱ्याला वीज नव्हती. खाडीवरची एक तार तुटून चिखलात पडली होती. बर्फ वितळत होता, मासळी सडत होती, लोक सबस्टेशनच्या गेटवर येऊन बसले होते. त्यांत निम्मे तुमच्याच भावकीतले. वरून दर तासाला फोन. आपल्याकडे डॉग शिल्लक नव्हता. पालघरच्या स्टोअरमधून यायला दोन दिवस लागणार होते. शेडमध्ये रॅकूनचं एक उरलेलं वेटोळं पडलं होतं, तेही अख्ख्या स्पॅनला, म्हणजे या टॉवरपासून त्या टॉवरपर्यंत, पुरेल एवढं नव्हतं. मी म्हटलं, मधला तुटका भाग काढा, तेवढ्यापुरता रॅकून घाला, दोन्हीकडे सांधा मारा.

तुम्ही विडी विझवलीत. "खाडीवर सांदा नसतो मारायचा. आनि डॉगच्या स्लीव्हमदी रॅकून बसत नाय, आत हलतो. दोन दिस थांब. लोकाना मी सांगतो, माजी लोका हायत."

"तुमची लोकं आहेत म्हणून तर मला दगड पडणार नाहीत, एवढंच. शिव्या मलाच आहेत ना?"

"बाय, आयक."

"काका, इथली इंजिनीअर मी आहे की तुम्ही?"

हे मी बोलले. गेटवरच्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग "हो मॅडम" म्हणालात आणि चढायचा पट्टा बांधायला गेलात. शेडमध्ये दोघंच असताना तुम्ही मला मॅडम म्हटलंत ते पहिल्यांदा. स्लीव्ह म्हणजे दोन तारांची टोकं एकत्र दाबून धरणारी नळी. ती डॉगच्या मापाची होती, रॅकून तिच्यात सैल पडत होता. तुम्ही ॲल्युमिनियमची पातळ पट्टी कापून त्याच्यावर गुंडाळलीत, टोक बसेपर्यंत तीनदा उलगडून तीनदा गुंडाळलीत, आणि मग प्रेसने दाबलंत. जे करू नये तेही तुम्ही इतकं नीट केलंत. संध्याकाळी दिवे लागले. लोकांनी मला नारळ दिला. तुम्हाला कुणी काही दिलं नाही आणि तुम्ही थांबलाही नाहीत.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये तुम्ही एवढंच विचारलंत, "रजिस्टरमदी रॅकून लिवलास ना?"

"लिहिते," म्हटलं.

मी लिहिलं, 'डॉग कंडक्टर, स्पॅन पूर्ववत.' कारण पालघरच्या साहेबांनी तोवर सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली होती. आणि दोन आठवड्यांत डॉग येणार होता, तुकडा निघणारच होता, मग कागदावर ते लांच्छन कशाला. डॉग आलाही. पण तो दुसऱ्या कामाला गेला. नंतर लाइन बंद ठेवायला खाडीवर शटडाऊन मागायचा, तर कारण लिहावं लागणार होतं आणि कारण लिहिलं की रजिस्टर खोटं ठरणार होतं. एका ओळीने मला असं खुंटीला बांधून ठेवलं.

दरवर्षी नारळी पुनवेच्या आधी तुम्ही यायचात. होड्या पुन्हा दर्यात जायच्या आत तुकडा निघावा, एवढंच तुमचं म्हणणं. पहिल्या वर्षी मी "हो काका" म्हटलं. दुसऱ्या वर्षी "बघते." तिसऱ्या वर्षी तुमच्यावर खेकसले. तुम्ही निवृत्त झालात, तरी पुनवेच्या आठवड्यात गेटवर हजर. मी खिडकीतून तुमची टोपी बघितली की फायली उघडून बसायची.

पण काका, आज मला तुम्हालाही विचारायचंय. तुम्ही साहेबांकडे का गेला नाहीत? एक चिठ्ठी टाकली असतीत तर काम झालं असतं. माझी नोकरी गेली नसती, फार तर बदली झाली असती. तुमच्या भावाची होडी रोज त्या तारेखालून जात होती आणि तुम्ही माझ्यासारख्या पोरीचं नाव जपत बसलात? की तुम्हाला वाटत होतं, ही आपणहून सांगेल? एवढा विश्वास माणसाने दुसऱ्यावर टाकू नये. मी रागावलेच आहे तुमच्यावर. त्या पहिल्या दिवशी तुम्ही पट्टा जमिनीवर फेकून "मी चडनार नाय" म्हणाला असतात, तर मी रडले असते, ओरडले असते आणि दोन दिवस थांबले असते. तुम्ही हात आवरला असता तर बरं झालं असतं. हे अन्यायाचं बोलणं आहे, मला कळतं. तरी बोलते.

गेल्या महिन्यात आदेश आला. किनाऱ्यावर दोन नवे बर्फ कारखाने झालेत, त्यांचा भार याच लाइनवर टाकायचा. आधार काय, तर 'रजिस्टरनुसार संपूर्ण लाइन डॉग.' माझ्याच अक्षरातली ओळ पालघरला जाऊन, टाइप होऊन, शिक्का घेऊन माझ्या टेबलावर परत आली. जाड तारेतून जो प्रवाह आरामात जातो, तो बारीक तारेतून गेला की ती तापते, लांबते, खाली झोळ घेते. आणि सैल सांधा असला तर तो सगळ्यांत आधी तापतो. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही सांगावं लागत नाही. एक तारखेला भार चढणार होता. माझ्या हातात तेवीस दिवस होते आणि त्याच आठवड्यात बढतीच्या यादीत माझं नाव लागलं होतं.

मी तुमच्याकडे आले. तुम्ही ओटीवर खाटेवर होतात, पोट फुगलेलं, हात काड्या झालेले. काकींनी मला पाट दिला आणि त्या आत गेल्या. मी आदेश वाचून दाखवला. तुम्ही डोळे मिटूनच ऐकलंत.

"झोल वाडलाय, बाय," म्हणालात. "सांदा सरकतोय."

"उन्हाने वाढला असेल. हल्ली काय कमी तापतंय का?"

तुम्ही 'नाही' अशी मान हलवलीत. मग म्हणालात, "माजं नाव लिव. दामूनी कुनाला न सांगता केला म्हनून लिव. मी काय आता दिवाली बगत नाय. मेलेल्या मानसाला कोन नोटीस देतं?"

"असलं काही बोलू नका," मी म्हटलं. ते म्हणायचं म्हणून म्हटलं. खरं सांगू? तुमचं ते वाक्य ऐकून मला आधी सुटल्यासारखं वाटलं. छातीवरचं ओझं उतरावं तसं. लाज नंतर वाटली, परतताना उमरोळीच्या रेल्वे फाटकाला गाडी थांबली तेव्हा. तुम्ही पाच दिवसांनी गेलात आणि ते वाक्य माझ्याकडे तसंच राहिलं.

मी शटडाऊन मागितला, कारण लिहिलं 'नियमित देखभाल.' बेत साधा होता. ओहोटी धरून सकाळी तार खाली घ्यायची, तुकडा काढायचा, टॉवर ते टॉवर अखंड डॉग ओढायचा आणि रॅकून भंगारात ढकलून द्यायचा. कुणाचंच नाव कुठेच नाही. तुमचंही राखलं जाईल आणि माझंही. त्या आठवड्यात मला हा बेत फार शहाणपणाचा वाटत होता.

काल सकाळी सहाला परमिट मिळालं. अर्थिंग लावलं, माणसं वर चढली. सातच्या सुमाराला ती एक तार खाली चिखलात उतरली. आणि नेमके तेव्हाच जेट्टीवर साहेबांची जीप. भार चढवायच्या आधी लाइन डोळ्यांनी बघून घ्यावी म्हणून आले होते. मी काही बोलायच्या आत ठेकेदाराच्या मुकादमाने हॅक्सॉ चालवला, कापलेलं टोक उचललं आणि साहेबांच्या समोरच म्हणाला, "मैडम, ये डॉग नहीं है. बीच में एकही तार है. रॅकून लगाया है किसी ने."

मी सांधा हातात घेतला. स्लीव्हच्या तोंडाशी रॅकून अर्धं बोटभर लख्ख चमकत होता. बाकी सगळी तार खाऱ्या वाऱ्याने पांढरी पडलेली आणि तेवढाच भाग नवा, कारण तो सहा वर्षं नळीच्या आत होता आणि आता बाहेर आला होता. उन्हाने नव्हे. सांधा सरकत होता. तुम्ही बरोबर होतात. भार चढला असता तर किती दिवस धरलं असतं, कोण जाणे.

साहेबांनी सांधा माझ्या हातातून घेऊन बघितला. मग म्हणाले, "वादळात तार जोडली तेव्हा इथे दामू लाइनमन होता ना? नुकताच वारला तो?"

"हो."

"मग झालं तर. लिहा, त्याने परस्पर केलं. मॅडम, मी काही चौकशी मागे लावू इच्छित नाही. माणूस गेला, घरच्यांचं पेन्शन त्याने अडत नाही. तुमचं नाव यादीत आहे. उगाच स्वतःला गुंतवू नका." ते प्रेमानेच बोलले. त्यांना खरंच वाटत होतं की ते मला सोडवतायत. त्यांनी स्वतःचं पेन दिलं आणि फोन घ्यायला जीपकडे गेले.

मी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं, 'सदर सांधे तत्कालीन लाइनमन कै. दामोदर यांनी वरिष्ठांना न कळवता केले.' अक्षर नेहमीसारखंच आलं. तुम्हीच तर सांगितलं होतंत, असं मनात म्हणत होते, हे त्यांचंच म्हणणं आहे, मी फक्त उतरवून घेतेय. खाली सही करायची तेवढी राहिली होती.

तेवढ्यात जेट्टीवरून काकी धावत आल्या. धावणं म्हणजे, त्या वयात, त्या चिखलात जेवढं जमेल तेवढं. डोक्यावरचा पदर सुटलेला, कपाळ मोकळं. "बाय!" लांबूनच ओरडल्या. "बाय, तार कुटं गेली? दोनच दिसतात. पडली का? कोन होतं खाली?"

"पडली नाही काकी. आम्हीच उतरवली. मुद्दाम उतरवली."

त्या मटकन दगडावर बसल्या. श्वास पुरेना. मी बाटली दिली, ती त्यांनी नुसती हातात धरली.

"तुम्ही इथे कशा?"

"रोजच येते मी," त्या म्हणाल्या. "आदी हे यायचे. सा वरसं. तुला नाय सांगितलं? हा दगड हाय ना, याच्यावर उबं र्‍हायचं आनि पल्याडच्या कारखान्याची खिडकी बगायची. तार खिडकीच्या वर दिसली म्हंजे बरं हाय. ऊन चडायच्या आत बगायचं, उन्हात तार खाली येते, मंग खरं कलत नाय. गनपतीपासून खिडकीत दिसाया लागली. तवापासून यांना झोप नाय. मंग उटता येईना, त मना पाटवायचे. मी घरी जाऊन सांगायची, आज खिडकीत येवडी हाय. बोटानी दाखवायची." त्यांनी बोटांनी मला दाखवलं. "जायच्या आदल्या दिशी माज्याकडून कबूल करून घेतलं, बाय उतरवील तवर तू बगत जा. म्हनले, उतरवील ती. लोका बोलली, नवरा जाऊन चार दिस नाय झालं नि ही खाडीवर फिरते. बोलू दे."

"मग खिडकीत आली तेव्हा मला का नाही सांगितलं कुणी?"

"यांनी तुला सांगितलं की," काकी म्हणाल्या. "झोल वाडला म्हनून."

काका, मला समुद्राकडे तोंड करून उभं राहावं लागलं. सहा वर्षं तुम्ही रोज सकाळी माझी चूक मोजायला जात होतात आणि मी खिडकीतून तुमची टोपी दिसली की फाइल उघडत होते. आणि आत्ता, तुमची बायको दगडावर बसलेली असताना, दहा पावलांवर बॉनेटवर तुमच्या नावाचा कागद पडला होता. त्या तिकडे बघतही नव्हत्या. मुकादमाला विचारत होत्या, नवी तार कुठली, सांधा नाही ना हिला? "नहीं अम्मा, एकही पीस है, इधर से उधर तक," तो म्हणाला, तेव्हा त्या पाणी प्यायल्या.

साहेब परत आले. मी त्यांना म्हटलं, रॅकून मी घालायला लावला होता. दामूकाका नको म्हणत होते. रजिस्टर मी खोटं लिहिलं. काकींसमोरच म्हटलं. साहेबांनी डोळ्यांनी मला गप्प करायचा प्रयत्न केला, पण मी थांबले असते तर मग कायमचीच थांबले असते. काकींना यातलं किती कळलं माहीत नाही. त्या पदराने दगड पुसून उठल्या आणि म्हणाल्या, "आता उद्यापासून यायला नको ना?"

"नको काकी."

त्या गेल्या. दुपारपर्यंत अखंड डॉग वर चढला. साहेबांनी जाताना त्यांचं पेन परत घेतलं.

अहवाल आज सकाळी दिला. चौकशी लागेल, यादीतून नाव निघेलच, त्यापुढे काय ते बघू. त्यात तुमचं नाव एकाच ठिकाणी आहे, 'लाइनमन श्री. दामोदर यांनी या कामास स्पष्ट विरोध केला होता.' सगळ्या सबस्टेशनमध्ये आता लोक म्हणतायत, मॅडमनी दामूचं नाव राखलं. मला ते ऐकवत नाही, कारण पहिला कागद माझ्या पर्समध्ये आहे. तो कुणी बघितलेला नाही. सही तेवढी नाही त्यावर. काकी दोन मिनिटं उशिरा आल्या असत्या, तर ती असती.